हरू द्या की राव!

शर्यत जिंकली आणि बक्षीस काय मिळालं? पँट.

थट्टा करत नाही. 'फोर्झा होरायझन ५' नावाचा गेम आहे, २०२१ सालचा, मेक्सिकोत घडणारा. ज्वालामुखीच्या उतारावरून, वाळवंटातून, जुन्या शहरातल्या दगडी गल्ल्यांतून ताशी तीनशेने गाडी हाणायची, नंबर काढायचा, आणि पुरेसे गुण साठले की पडद्यावर जत्रेतल्यासारखं चक्र गरागरा फिरतं. त्यातून कधी कोटभराची गाडी पडते, कधी रोकड, कधी नवा हॉर्न आणि कधी पँट. ड्रायव्हर शर्यतभर स्टिअरिंगमागे बसलेला. त्याने खाली काय घातलंय हे बघायला मेक्सिकोत कोण रिकामं बसलंय?

बरं, हरलात तरी काळजी नसावी. शेवटून पहिले आलात तरी पैसे मिळतात, गुण मिळतात. कुणाचं कुंपण मोडलंत, गुण. निवडुंग उडवलात, गुण. समोरच्या गाडीला घासता घासता वाचलात, गुण. वळण चुकून दरीत गेलात तर एक बटण दाबायचं. काळ मागे सरकतो आणि गाडी पुन्हा वळणाच्या अलीकडे. असं बटण आपल्या विधानसभेत बसवलं तर निम्मे आमदार आपापल्या मूळ पक्षात सापडतील.

गेम देखणा आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात तरुण मंडळींची खरमरीत पत्रं येतील. ज्यांचे हात झरझर चालत नाहीत त्यांच्यासाठी त्यात खेळाचा वेग कमी करता येतो, ही सोय तर कौतुकाचीच. माझी तक्रार सोयीबद्दल नाहीच. गेममध्ये शेकडो गाड्या आहेत, बदलते ऋतू आहेत, वाळूची वादळं आहेत. फक्त मनापासून हरायला जागा ठेवलेली नाही. ती कुणी काढून घेतली, याचं उत्तर इंजिनात शोधू नका. गल्ला उघडून बघा.

१९८६ साली जपानच्या सेगा कंपनीने 'आउट रन' काढला. यू सुझुकी नावाच्या गृहस्थांचं डोकं. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ठेवायचं, नाण्यावर चालणारं धूड. लाल रंगाची उघडी गाडी, फेरारीला न विचारता फेरारीसारखी दिसणारी, आणि शेजारच्या सीटवर सोनेरी केसांची बाई. निघण्याआधी रेडिओवरचं गाणं तुम्ही निवडायचं. टप्पा संपला की रस्त्याला फाटा फुटतो, डावीकडे वळायचं की उजवीकडे ते तुमचं तुम्ही ठरवायचं. आदळलात तर गाडी कोलांट्या खाते, दोघं रस्त्यावर फेकली जातात आणि पुढच्या क्षणी एकही ओरखडा न येता पुन्हा गाडीत. भौतिकशास्त्राचा असा अपमान करूनही त्या गेमइतकं सुख नंतरच्या फार थोड्यांनी दिलं.

मजा होती ती वर पळणाऱ्या घड्याळात. प्रतिस्पर्धी वगैरे नावालाही नाहीत. खरी शर्यत सेकंदांशी. पाचही टप्पे पार केले तर सगळी सफर पाच-सहा मिनिटांत उरकायची, आणि बहुतेकांची त्याआधीच उरकायची. कारण मागे पुढचं गिऱ्हाईक नाणं हातात घोळवत उभं असायचं. तुम्ही लवकर हरावं यात मालकाचा फायदा होता. यंत्राच्या पोटात बारीक खटके असत. ते वर-खाली करून मालक वेळ कमी करू शकायचा, खेळ कठीण करू शकायचा. म्हणजे त्या घड्याळामागे चक्क दुकानदार बसलेला होता. पण त्याच्या लोभातून आपल्याला जे मिळालं ते अस्सल होतं: छातीतली धडधड, 'गेम ओव्हर'चा ठोसा आणि खिशात पुढचं नाणं चाचपणारा हात.

नामकोच्या 'रिज रेसर'चंही तसंच. १९९३ साली पार्लरमध्ये आला, वर्षभराने पहिल्या प्लेस्टेशनबरोबर घरात शिरला. गेम लोड होईपर्यंत तुम्ही कंटाळू नये म्हणून तेवढ्यापुरता एक छोटा अंतराळ-गोळीबार खेळायला दिलेला. इतकी चांगली कल्पना की नामकोने तिचं पेटंटच घेऊन टाकलं, आणि बाकीच्यांचे ग्राहक २०१५पर्यंत लोडिंगची पट्टी बघत बसले. पुढे २००६ साली सोनीच्या काझ हिराई यांनी एका जाहीर कार्यक्रमात या गेमचं नाव इतक्या उत्साहाने ओरडून सांगितलं, की इंटरनेटवर त्याची टिंगल अजून चालू आहे. मालिका मात्र केव्हाच आडवी झाली. २०२५ साली तिच्या नावावर पुन्हा विक्रीला आला तो १९९३चाच मूळ गेम. बत्तीस वर्षांनी शोरूममध्ये पहिलीच गाडी, धुऊन पुसून.

आपल्याकडे पार्लर होती, पण पोरांची एक अख्खी पिढी घडली ती सायबर कॅफेत आणि काँप्युटर क्लासात. एमएस-सीआयटीची फी बापाने भरली एक्सेल शिकण्यासाठी. पोरगं शिकलं 'रोड रॅश'मध्ये चालत्या मोटरसायकलवरून शेजारच्याला लाथ कशी घालायची. ते ज्ञान पुढे सिंहगड रोडला जास्त उपयोगी पडलं.

मग आला 'एनएफएस'. पूर्ण नाव 'नीड फॉर स्पीड', पण ते पूर्ण उच्चारायला वेळ कुणाकडे होता? इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या कॅनडातल्या मंडळींनी १९९४ साली पहिला भाग काढला तेव्हा आव मोठा विद्वत्तेचा होता. 'रोड अँड ट्रॅक' हे अमेरिकन मोटार-मासिक सोबतीला, प्रत्येक गाडीची माहिती मुळाबरहुकूम. पुढे २००१ साली 'फास्ट अँड द फ्युरियस' सिनेमा आला आणि मासिकं गेली खड्ड्यात. २००३च्या 'अंडरग्राउंड'मध्ये गाडीखाली निळे दिवे लागले. आपल्या गणपतीच्या मांडवांनाही लाजवतील असे.

आणि २००५ साली 'मोस्ट वाँटेड'. यावर मात्र जरा थांबतो.

रॉकपोर्ट नावाचं काल्पनिक शहर, कायमची मावळतीची पिवळट उन्हं. सुरुवातीलाच रेझर नावाचा इसम तुमच्या निळ्या-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआरमध्ये काडी करून ती लंपास करतो. ती परत मिळवायची तर काळ्या यादीतल्या पंधरा जणांना एकेक करून हरवायचं. पण शर्यती हे निमित्त. खरा जीव होता पोलिसांच्या पाठलागात. आधी एक साधी गस्तीची गाडी, मग चार, मग रस्त्यावर आडवे लावलेले नाके, मग खिळ्यांच्या पट्ट्या, मग अंगावर धावून येणाऱ्या अजस्र जीपगाड्या, वर हेलिकॉप्टर. वायरलेसवर ते आपापसात काय बोलतात तेही तुम्हाला ऐकू यायचं. तुमचं वर्णन, तुमचा रस्ता, पुढचा डाव. आणि अगदी कोंडी झाली की शहरात ठिकठिकाणी पाडायच्या वस्तू: पेट्रोल पंपाचं छप्पर, पाण्याची टाकी, आणि एका दुकानावरचं ते अवाढव्य डोनट. खांबाला धडक द्यायची, डोनट खाली, त्याखाली पोलीस.

पाठलाग संपला की हिशेब यायचा. किती गाड्या मोडल्या, किती नाके उडवले, आणि सरकारचं एकूण नुकसान किती डॉलर. लक्षात घ्या, रॉकपोर्टचं सार्वजनिक बांधकाम खातं दर पाठलागानंतर दोन सेकंदांत, पैशापैशासकट नुकसान जाहीर करत होतं. हा भाग मला कायमच सर्वांत काल्पनिक वाटत आला आहे.

आणि हे सगळं तासाला दहा-वीस रुपयांत. पाठलाग ऐन रंगात, हेलिकॉप्टर डोक्यावर, अजून अर्धा मिनिट लपून राहिलं की सुटका, आणि नेमकी तेव्हा कॅफेवाल्याची पाटी पडद्यावर: वेळ संपली. 'काका, पाच मिनिटं द्या ना!' काका द्यायचे नाहीत. रॉकपोर्टच्या अख्ख्या पोलीस दलाला जे जमलं नाही ते काउंटरवरच्या काकांनी बसल्या जागी केलं. पार्लरच्या मालकाचा आणि या काकांचा धर्म एकच: मीटर चालू, वेळ संपली, उठा.

यानंतर कंपनीला कळलं की पोरं दरवर्षी विकत घेतात. २००६, २००७, २००८. भाग पडतच राहिले. 'प्रो स्ट्रीट'मध्ये पोलीसच काढून टाकले आणि शर्यत बंदिस्त ट्रॅकवर नेली. म्हणजे तमाशातून ढोलकी काढली. २०१० सालचा 'हॉट पर्सूट' झकास होता. तो इंग्लंडच्या क्रायटेरियनने केला होता, आणि दुसऱ्याच्या गाडीला धडकण्यातलं सौंदर्य जगाला 'बर्नआउट' मालिकेतून शिकवलं ते याच लोकांनी. मग २०१२ साली त्यांनीच 'मोस्ट वाँटेड' हे नाव पुन्हा वापरलं; रेझर नाही, कथा नाही, बाकी सगळं नवं. जुने भक्त चवताळले. ज्या ब्लॅक बॉक्स स्टुडिओने जुना 'मोस्ट वाँटेड' घडवला, तो २०१३ साली बंद झाला.

त्याच २०१३च्या 'रायव्हल्स'ने एक चमत्कार केला. गेम थांबवायचं बटणच नाही. का, तर तुमचं जग इतरांच्या जगाशी जोडलेलं, ते तुमच्यासाठी कसं थांबेल? एकटे खेळत असाल तरी थांबणार नाही. दारावरची बेल वाजो, कुकरची तिसरी शिट्टी होवो, आई ताट वाढून हाका मारो. पोलीस तुमच्या उभ्या गाडीला ठोकतच राहणार. हा गेम ज्याने आखला त्याच्या घरी एकही मराठी आई नसावी.

२०१७च्या 'पेबॅक'ने तर कमाल केली. गाडीचं इंजिन सुधारायचं तर गॅरेजमध्ये जाऊन पार्ट बसवावा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. इथे मिळायचे पत्ते. शर्यत जिंकली की पत्ता, दुकानात पत्ता, आणि मनासारखा पत्ता मिळत नसेल तर तीन चाकांचं जुगारयंत्र फिरवायचं, पडेल तो घ्यायचा. टर्बो हवा होता, निघाला गिअरबॉक्स. परत फिरवा. लोकांनी शिव्या घातल्या, कंपनीने नंतर दर थोडे सैल केले. मोबाइलवरच्या भागाचं नाव 'नो लिमिट्स'. त्यात थोड्या शर्यती झाल्या की पेट्रोल संपतं आणि टाकी आपोआप भरेपर्यंत तुम्ही वाट बघायची. घाई असेल तर सोनं मोडा. गेममधलं सोनं, जे खऱ्या पैशांनी येतं.

आता बघा मीटर कुठे सरकलं ते. पार्लरच्या मालकाला तुम्ही उठायला हवे होतात. आजच्या कंपनीला तुम्ही उठलेले परवडत नाही. गेम एकदा विकून भागत नाही, तुम्ही रोज आलं पाहिजे, बसलं पाहिजे, जमलं तर काहीतरी घेतलं पाहिजे. हरलेला माणूस चिडून उठतो, म्हणून त्याला हरू द्यायचं नाही. पँट द्या, पण बसवून ठेवा.

फोर्झामध्ये ऋतू दर गुरुवारी बदलतो. ऋतू बदलला की नवी कामांची यादी: अमुक उडी मारा, तमुक गाडीचा फोटो काढा, तीन शर्यती जिंका. यादी पुरी केली तर त्या आठवड्याची खास गाडी तुमची. चुकलात तर ती पुन्हा कधी येईल ते कंपनीच्या मर्जीवर. आपल्याकडे हा नवा ऋतू उगवतो गुरुवारी संध्याकाळी, दत्ताच्या आरतीच्या सुमाराला. मी असे चाळिशीचे गृहस्थ पाहिले आहेत जे दिवसभर ऑफिसात टार्गेट पुरं करून घरी येतात आणि विश्रांती म्हणून दुसरं टार्गेट पुरं करायला बसतात. फरक इतकाच की ऑफिसात पँट स्वतःची घालून जावं लागतं.

अशा गेममध्ये मागे लागणाऱ्या पोलिसांचा आवाजही आताशा विरळ झाला. आपल्या शहरातसुद्धा शिट्टी मारून मागे धावणारा हवालदार दिसत नाही. सिग्नल तोडला की फोन थरथरतो, ई-चलान हजर. पाठलाग गेला, नोटिफिकेशन राहिलं.

बरं, रोज बसायलाही मी तयार आहे, पण गेम माझा आहे का? पैसे मोजून घेतलेला 'द क्रू' युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून मारला. इंटरनेटशिवाय तो चालतच नव्हता, त्यामुळे एकट्याने खेळणाऱ्यांचाही गेम गेला. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची चळवळ उभी राहिली, आणि मोटारींच्या गेमसाठी का होईना, ग्राहक म्हणून लोक रस्त्यावर नाही तरी कीबोर्डवर उतरले. जिथे सर्व्हरची भानगड नाही तिथे करारनाम्यांची. गेममधली प्रत्येक खरी गाडी, प्रत्येक गाणं भाड्याने आणलेलं असतं. करार संपला की गेम दुकानातून खाली. २०२१ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एनएफएसचे 'कार्बन', 'अंडरकव्हर', 'द रन' आणि दोन्ही 'शिफ्ट' एका झटक्यात विक्रीतून काढले. 'फोर्झा होरायझन ३' २०२० साली गेला, '४' डिसेंबर २०२४मध्ये.

त्या तिसऱ्या फोर्झात आपलंही थोडं काळीज अडकलेलं आहे. २०१७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटा मोटर्सने टॅमो रेसमो ही दोन दारांची छोटी स्पोर्ट्स कार दाखवली आणि तिला 'फोर्झा होरायझन ३'मध्येही आणणार असं मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. खरी रेसमो पुढे कारखान्यातून रस्त्यावर आलीच नाही. आणि गेमही आता विकत मिळत नाही. पिंपरी-चिंचवडच्या अनेक प्रकल्पांपेक्षा हा प्रकल्प निदान स्वच्छपणे नाहीसा झाला.

या सगळ्यात एकच म्हातारा तंदुरुस्त आहे: निन्टेन्डोचा 'मारिओ कार्ट', १९९२पासूनचा. गाड्या जवळजवळ सगळ्या त्यांच्या स्वतःच्या. आणि तो खुशाल हरू देतो. पहिल्या नंबरवर आरामात चाललेल्या माणसाला अंतिम रेषेच्या चार पावलं आधी मागून निळं कवच येऊन लागतं, आणि तो पाचवा येतो. अन्याय? शंभर टक्के. पण सोफ्यावर शेजारी बसलेली पुतणी जी हसते, त्यासाठी पुढचा डाव लावावाच लागतो. २०२५चा 'मारिओ कार्ट वर्ल्ड' कंपनीने ८० डॉलरला काढला, तरी लोकांनी कुरकुरत घेतला.

एनएफएसचं म्हणाल तर डिसेंबर २०२२च्या 'अनबाउंड'नंतर नवा मोठा भाग नाही. त्या निळ्या-चंदेरी बीएमडब्ल्यूला मात्र मरण नाही. ती पुढच्या भागांतून पुनःपुन्हा काढून दाखवली जाते. खुद्द बीएमडब्ल्यूने म्युनिकमध्ये त्या रंगरूपाची खरी गाडी प्रदर्शनाला मांडली. खोट्या शहरातून चोरीला गेलेली गाडी खऱ्या शहरात मखरात बसली. पण २००५चा 'मोस्ट वाँटेड' आज पीसीसाठी कंपनीच्या दुकानात विकत घ्यायला गेलात तर मिळत नाही.

त्याहून गंमत पुढे आहे. त्या काळच्या पुष्कळ अस्सल सीडींवर, 'मोस्ट वाँटेड'सकट, सेफडिस्क नावाचं चोरी-विरोधी कुलूप होतं. विंडोज १०पासून मायक्रोसॉफ्टने ते चालवणं बंद केलं, कारण त्यात सुरक्षेची भोकं होती. त्यामुळे इमानदारीने घेतलेली अस्सल सीडी नव्या काँप्युटरवर नुसती घातली तर हूं की चूं करत नाही. आणि लॅमिंग्टन रोडवरून पन्नास रुपयांत आणलेली, कुलूप आधीच तोडलेली नक्कल बऱ्याचदा सुरू होते.

तेव्हा दिवाळीच्या सफाईत माळ्यावर सीडींचं जुनं पाकीट सापडलं तर ते रद्दीवाल्याला घालू नका. वर पेनाने 'एनएफएस एमडब्ल्यू' लिहिलं असेल तर मुळीच नाही. ती सीडी कुठून आणली, हे मी विचारणार नाही.